पांढऱ्या कोरियनच्या ओट्यावर हळद, गंज, तवा: कुठला डाग कशानं काढायचा?

सुगरण_जुळेसोलापूर

ओटा पांढरा, ॲक्रिलिक सॉलिड सरफेसचा, 12 मिलिमीटर जाड, मॅट. सिंकही त्याच मटेरियलचं, खालून अखंड जोडलेलं. बसवून तीन वर्षं झाली. रोज फोडणी, ज्वारीची भाकरी, आठवड्यातून एकदा शेंगाचटणी. सिंकला बोअरचं पाणी, कारण नळाचं रोज येत नाही.

आता पाच तऱ्हेचे डाग झालेत. मिसळणाच्या डब्याजवळ हळदीचे पिवळे ठिपके. भांड्यांच्या साबणाच्या वडीनं घासले तर विटकरी झाले. तेलाच्या पत्र्याच्या डब्याखाली गंजाचं तपकिरी वर्तुळ; त्यावर ब्लीच टाकून रात्रभर ठेवलं, उलट जास्तच गडद वाटतंय. सिंकभोवती पांढुरका थर, ओला असताना दिसत नाही, वाळला की उठून दिसतो. जर्मनच्या पातेल्यांच्या काळपट रेघा तर सगळीकडे. आणि शेगडीच्या उजवीकडे तापलेला तवा टेकला तिथे पिवळसर चंद्रकोर, बोटाला खरखरीत लागते.

पॉलिशवाले म्हणतात, सगळा ओटा मशीननं घासून आरशासारखा करून देतो. द्यावा का? की घरी निघेल? घरी काढायचं तर आधी काय, नंतर काय?

---

फॅब्रिकेटर_होटगीरोड

सगळा ओटा मशीनला देऊ नका ताई. पाचांपैकी घासायचा डाग एकच, तव्याचा. बाकीचे चार पुसून निघणारे आहेत, फक्त प्रत्येकाचं औषध वेगळं. आणि आरसा फिनिश तर रोजच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर घेऊच नका. चकचकीत पृष्ठभागावर पहिल्याच आठवड्यात एकेक ओरखडा मोजता येतो; मॅटमध्ये तोच ओरखडा दिसत नाही.

आधी खात्री करून घ्या. आपल्याकडे पांढऱ्या, बिनजोडाच्या कुठल्याही ओट्याला कोरियन म्हणतात. ते ड्युपाँटचं ब्रँडनाव आहे, कोरिया देशाशी त्याचा संबंध नाही. तळहात टेकवून बघा: ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, संगमरवर गार लागतात, सॉलिड सरफेस तेवढा गार लागत नाही. बोटाच्या पेरानं वाजवा, दगडाचा आवाज टणक, याचा बद्द. मग सिंकच्या कडेला, नजर जात नाही अशा जागी 400 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर; नंबर मोठा तितका बारीक) पाण्यासोबत पाच-सहा वेळा फिरवा. दुधासारखं पाणी सुटलं आणि खालचा रंग तोच राहिला तर आपलंच मटेरियल. संगमरवरही पांढरं पाणी सोडतो, पण तो गार असतो आणि लिंबाच्या रसाच्या थेंबाखाली त्याची चमक जाते. संगमरवर किंवा शहाबादी फरशी निघाली तर खाली लिहिलेलं लिंबूसत्त्वाचं काहीही करू नका, आम्ल तो दगड खातं.

सॉलिड सरफेसमध्ये साधारण एक भाग ॲक्रिलिक आणि दोन भाग ॲल्युमिना ट्रायहायड्रेट नावाची बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी असते. वरपासून तळापर्यंत एकच रंग, छिद्रं नाहीत. म्हणजे डाग आत मुरत नाही, सुरीच्या आणि घासणीच्या बारीक ओरखड्यांत अडकून बसतो. म्हणून तो निघतो, आणि म्हणूनच हिरव्या घासणीनं एकाच दिशेला जोर लावून घासलं की पुढचा डाग जास्त घट्ट धरतो.

क्रम असा: तेल, मग रेघा, मग आम्लानं निघणारे (क्षार आणि गंज), मग भरपूर पाणी, मग ब्लीचनं निघणारे (हळद), आणि सगळ्यात शेवटी घासकाम. तेलाचा पापुद्रा राहिला तर पुढचं काहीच डागापर्यंत पोचत नाही. घासकाम शेवटी, कारण तोवर घासायचं उरतंच थोडं.

तेल: शेंगाचटणीचं तेल आणि मिरचीचा लाल रंग एकत्र बसतात, तो रंग तेलातच विरघळणारा आहे. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड घालायचं, जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा त्यात बुडवून सगळा ओटा दोनदा पुसायचा. वडी नको. वडीत पांढरी खनिजाची पूड असते, ती ओरखड्यांत बसते. तुमच्या सिंकभोवतीच्या थरात बोअरच्या पाण्याचे क्षार आहेतच, पण थोडी ही पूडही असणार.

जर्मनच्या रेघा: हा डाग नाही, ओट्यानं खरवडून घेतलेलं ॲल्युमिनियम आहे. ओट्यातली भुकटी भांड्याच्या बुडापेक्षा कडक असते. ब्लीच, साबण, लिंबू, काही लागू पडत नाही. खायच्या सोड्यात थोडंसंच पाणी घालून दाट पेस्ट करा आणि पांढऱ्या, मऊ नायलॉनच्या पॅडनं गोल गोल फिरवा. रेघ पुसट होत जाते, पॅड करडा होतो. पॅड धुऊन पुन्हा. रेघेच्या दिशेनं घासू नका, गोलच.

सिंकभोवतीचा थर: एक मोठा चमचा लिंबूसत्त्व एक कप (साधारण 250 मिलिलिटर) कोमट पाण्यात. त्यात फडकं भिजवून थरावर पसरून ठेवायचं, दहा मिनिटं, मग पॅडनं गोल घासून धुवायचं. तीन वर्षांचा थर एका फेरीत जात नाही, तीन लागतील. नळाच्या बुडाशी फडकं जास्त वेळ ठेवू नका, चकाकी जाते.

गंज: ब्लीचनं गंज जात नाही. गंज म्हणजे आधीच ऑक्सिजन घेऊन बसलेलं लोखंड, त्याला आणखी तेच देऊन काय होणार! त्याला आम्लच पाहिजे. तीन चमचे लिंबूसत्त्व आणि एक चमचा पाणी, ओल्या साखरेसारखं झालं पाहिजे. वर्तुळावर थापा, वरून प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा म्हणजे वाळणार नाही. अर्धा तास. पुसल्यावर फडक्यावर पिवळट-हिरवट पाणी दिसलं तर काम चालू आहे असं समजा. पुन्हा लावा. पण तुमच्या बाबतीत त्या जागेवर ब्लीच पडलेलं आहे, म्हणून आधी ती जागा तीन-चार पाण्यांनी धुवा.

हळद: ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं, टिश्यू भिजवून ठिपक्यावर, दहा-पंधरा मिनिटं, मग दोन-तीनदा साध्या पाण्यानं. बहुतेक वेळा टिश्यू उचलला की ठिपका गेलेला असतो.

तव्याच्या चंद्रकोरीचं नंतर लिहितो. आधी हे सगळं होऊ द्या.

---

किचनप्रेमी_77

ब्लीचमध्ये थोडं व्हिनेगर घाला, दुप्पट जोरात काम करतं.

---

रसायन_शिकवते

वरचं कृपया कुणीही करू नका. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, संडास धुवायचं ॲसिड, तिन्हींना लागू. बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात घसा आणि फुप्फुसं भाजायला तो पुरेसा आहे. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरसोबतही नको, त्यातूनही विषारी वाफा येतात. आम्लाचं काम आणि ब्लीचचं काम यांच्यामध्ये ओटा, फडकं आणि सिंक, तिन्ही धुवा. फडकं तर वेगळंच घ्या. लोक ओटा धुतात आणि तेच फडकं ब्लीचच्या वाटीत बुडवतात, गडबड तिथेच होते. शक्य असेल तर आम्लाचं काम आज, ब्लीचचं उद्या.

हळद विटकरी का झाली ते सांगते, कारण ते कळलं की घाबरायला होत नाही. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि साबणासारख्या अल्कलीत लाल होतं. हळदीकुंकवाच्या साडीला साबण लावला की होतं तेच हे. डाग वाढलेला नाही, फक्त रंग पालटलाय. ब्लीच त्या रेणूचे तुकडे करतं, मग त्याला रंगच उरत नाही. खिडकीतून थेट ऊन ओट्यावर येत असेल तर कर्क्युमिन उन्हानंही मोडतं, फिकट ठिपका काही दिवसांत आपोआप जातो. साडीवरची हळद उन्हात उडते, तसंच.

ब्लीचबद्दल सोलापुरात एक अडचण हमखास येते. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण 4 ते 5 टक्के. ऊष्णतेनं आणि उजेडानं ते आपोआप कमकुवत होत जातं. एप्रिल-मेमध्ये 42-43 अंशांत गच्चीच्या जिन्यात ठेवलेली बाटली पावसाळ्यापर्यंत बरीच पाण्यासारखी झालेली असते. मग लोक म्हणतात, ब्लीचनं डाग गेला नाही. नवी, लहान बाटली आणा, अंधारात ठेवा. उलट सुट्टं, दाट हायपो मिळालं तर निम्मं-निम्मं प्रमाण चालणार नाही, ते दुपटीहून जास्त तीव्र असू शकतं. त्याच्या एका भागाला तीन भाग पाणी घ्या.

ब्लीचचा वास सोसत नसेल तर औषधाच्या दुकानातलं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यात खायचा सोडा कालवून दहीभातासारखं सैलसर करा, ठिपक्यावर ठेवा, झाका, एक-दोन तास. सोड्यानं हळद आधी लालसर दिसेल, मग फिकट होत जाईल. ब्लीचपेक्षा सावकाश, पण काम होतं. पेरॉक्साइड आणि ब्लीच एकमेकांत मिसळू नका, आणि पेरॉक्साइडची उरलेली पेस्ट घट्ट झाकणाच्या डबीत भरून ठेवू नका, वायू साठून झाकण उडतं. हातमोजे दोन्हींना.

---

सुगरण_जुळेसोलापूर

दोघांचे आभार. तळहात, बद्द आवाज, दुधासारखं पाणी, तिन्ही जुळलं. काल तेल, रेघा, क्षार आणि गंज, आज हळद.

क्षार तीन फेऱ्यांत गेले, पण नळाच्या मागच्या बाजूला बोटभर पट्टी अजून खडबडीत आहे. रेघा गेल्या. हळदीचे ठिपके पंधरा मिनिटांत गेले, दोन उरले होते तेही दुसऱ्या वेळी. गंजाचं वर्तुळ तीन वेळा लिंबूसत्त्व लावून फिकट बदामी झालं, आता पुढे सरकत नाही. जिथे आधी हिरव्या घासणीनं घासलं होतं तेवढाच कंगोरा उरलाय.

तव्याच्या चंद्रकोरीबद्दल सांगा ना. लांबी करंगळीएवढी, रुंदी सर्वांत जास्त जागी एक सेंटिमीटर. नखानं ओरबाडलं तर काही निघत नाही. आणि घासून तिथे खड्डा पडला तर?

---

फॅब्रिकेटर_होटगीरोड

नळामागच्या पट्टीला घासू नका. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड आडवी धरून ओल्या थराखाली सरकवा, खपलीसारखा सुटतो. सुरी नको.

गंजाचा उरलेला कंगोरा ओरखड्यांत आहे. तो आता आम्लानं नाही, चंद्रकोरीसोबत घासूनच निघेल. दोन्ही एकदमच करा.

तव्याचा डाग डाग नाहीच. ॲक्रिलिक साधारण 100 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. भाकरीचा तवा 200 अंशांच्या वर असतो, आणि तेवढ्या तापाला आतली भुकटी स्वतःतलं पाणी सोडायला लागते. म्हणून वरचा थर मळकट पिवळा आणि खरखरीत होतो. तो थर काढायचा, खाली तोच पांढरा रंग आहे. करंगळीएवढ्या, नखाला न लागणाऱ्या डागात फार तर मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा जाईल. 12 मिलिमीटरमध्ये ते काहीच नाही.

खड्डा पडतो तो जाडीमुळे नाही, लहान जागेत घासल्यामुळे. एक सेंटिमीटरचा डाग एक सेंटिमीटरमध्येच घासला की वाटी तयार होते, आणि खिडकीचा उजेड तिरका आला की ती लगेच दिसते. डागाच्या भोवती सगळीकडून दहा-दहा सेंटिमीटर घ्यायचं, मधे जास्त, कडेला हात उचलत उचलत.

सामान: वॉटर पेपर 220, 320, 400 आणि 600 नंबरचा, प्रत्येकी एक शीट. पेपर गुंडाळायला लाकडाचा किंवा रबराचा सपाट ठोकळा, साबणाच्या वडीएवढा. नुसत्या बोटांनी घासू नका. बोटाखाली जोर एकवटतो आणि बोटांच्या रुंदीच्या पन्हाळी पडतात. एक फवारा-बाटली पाणी, तीन कोरडी फडकी, एक पेन्सिल.

पेन्सिलीनं त्या सगळ्या जागेवर हलकी उभी-आडवी जाळी काढा. हे जरूर करा. घासताना जाळीची रेघ जिथे शिल्लक आहे तिथे पेपर लागलेला नाही, हे डोळ्यांना दिसतं.

220 नं सुरुवात. पाणी मारा, ठोकळा आडवा, डावीकडून उजवीकडे. जोर हाताच्या वजनाएवढा, त्याहून नाही. पांढरा चिखल जमेल. वीस-पंचवीस फेऱ्यांनी तो पुसून कोरडं करून बघा. ओल्यात पिवळेपणा लपतो, म्हणून निर्णय कोरड्यावरच. पिवळं पूर्ण जाईपर्यंत 220 सोडायचा नाही. इथे घाई केली की पुढचे नंबर कितीही फिरवा, पिवळी सावली राहतेच.

मग जागा पाण्यानं धुऊन नवं फडकं घ्या. 220 चा एक कण राहिला आणि 600 खाली सापडला तर मधोमध एक खोल ओरखडा येतो आणि सगळं पहिल्यापासून. आता 320, पण दिशा बदलून, पुढून मागे. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या म्हणजे 320 चं काम संपलं. मग पुन्हा धुवायचं, 400 तिरका. तिथे थांबून वाळवा आणि बाकीच्या ओट्याशी ताडून बघा. मॅट फिनिश बहुतेक इथेच जुळतो. बाजूचा ओटा वापरून वापरून किंचित तुकतुकीत झाला असेल तर 600 च्या दहा-बारा फेऱ्या. शेवटी मरून रंगाचा नायलॉन पॅड पाण्यासोबत, डागाच्या जागेपासून सुरू करून ओट्याच्या पूर्ण रुंदीवर, गोल गोल, हलक्या हातानं. डागाच्या जागेची कड यानं विरते. फक्त डागावर फिरवलात तर डाग जाऊन त्या जागी ठिगळासारखा गोल दिसत राहतो. शक्य असेल तर सांध्यापासून कोपऱ्यापर्यंतचा सगळा पट्टाच पॅडनं करा.

घासताना करपट, झोंबणारा वास आला तर थांबून मला सांगा. तसा वास शक्यतो पॉलिस्टरच्या राळेच्या शीटला येतो. तीही सॉलिड सरफेस म्हणूनच विकतात. घासून तीही साफ होते, पण उन्हात पिवळी पडते आणि जास्त ठिसूळ असते, तिच्या कडांवर जोर देऊ नका.

सुकं घासू नका. पाण्यासोबत घासलं तर धूळ उडत नाही आणि पेपरही भरत नाही. सुकं घासलेली पूड कपाटाच्या आत, मिसळणाच्या डब्यापर्यंत जाऊन बसते.

---

विजापूररोड_मॉड्युलर

एक भर. डाग काढायच्या आधी त्या चंद्रकोरीच्या आसपास केसासारखी भेग आहे का ते बघा, विशेषतः शेगडी ओट्यात कापून बसवलेली असेल तर. कोरड्या जागेवर पाण्यात कालवलेली कॉफी किंवा काजळ फिरवून लगेच पुसा. भेग असेल तर काळी रेघ राहते. भेग असेल तर घासून उपयोग नाही, ती लांबत जाते. ती बहुतेक वेळा कापाच्या आतल्या कोपऱ्यातून निघते. कोपरा काटकोनात कापला असेल तर ताण तिथेच साठतो. तो गोल हवा, कडेला शेगडीपासून थोडी फट हवी आणि काठाला उष्णता परतवणारी ॲल्युमिनियमची पट्टी हवी. भेगेचं काम त्याच शीटचा तुकडा आणि त्याच रंगाचा ॲक्रिलिक गोंद वापरून करतात, घरी नाही.

त्यासाठी सिंकच्या जागेतून कापून निघालेला तुकडा कुठे आहे ते शोधून ठेवा. पांढऱ्यातही शीटच्या लॉटप्रमाणे छटा बदलते, आणि तुमच्या ओट्याशी तंतोतंत जुळणारा तुकडा तोच. बहुतेक घरांत तो माळ्यावर किंवा गॅलरीत पाण्याच्या टाकीखाली ठेवलेला असतो.

---

सुगरण_जुळेसोलापूर

कॉफी फिरवून पाहिली, रेघ नाही. शेगडी वर ठेवलेली आहे, कापलेली नाही. सिंकचा तुकडा टाकीखालीच निघाला! तोच आता तवा टेकवायला वापरू का?

---

फॅब्रिकेटर_होटगीरोड

नको, तोही ॲक्रिलिकच, आणि दुरुस्तीचा एकमेव तुकडा जळून बसेल. तव्याला लोखंडी तिवई किंवा शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा घ्या, खाली चार रबरी पाय चिकटवून, म्हणजे ओट्याला हवा राहील. कुकरलाही तेच. सिंकमध्ये उकळत्या भाताची पेज किंवा शेवयांचं पाणी ओतताना थंड नळ आधी सोडा, सिंकचा तळ एकदम तापू नये. तेलाचा डबा पत्र्याचा असेल तर खाली प्लास्टिकची ताटली. आणि नखांचं ॲसिटोन त्या ओट्यावर उघडूच नका, त्यानं पृष्ठभाग खराब होऊ शकतो.

220 लावायच्या आधी आपल्या सापडलेल्या तुकड्यावरच दहा मिनिटं हात बसवून घ्या, पाठीमागच्या बाजूला. पुढची बाजू ठिगळासाठी तशीच राहू द्या.